मुक्त गणिताच्या चार पद्धती

सोमवार, ३
घटनाक्रम:
१. सातवीच्या मुक्त गणित तासाला प्रश्न दिला: आयताकृती बाग, आत आयताकृती हौद. उरलेल्या जागेचे एका सरळ रेषेने दोन समान भाग करता येतात का? हवी ती पद्धत वापरा.
२. हव्या त्या पद्धती (चार) तक्त्यावर लावल्याच होत्या.
३. वर्गात जिला 'खोडरबर' म्हणतात त्या मुलीने पाचवी वापरली.
४. शून्य दिलं.
तिचं उत्तर: पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवत नेली. आधी डावीकडे काहीच नाही, शेवटी सगळं डावीकडेच. म्हणजे मध्ये कुठेतरी सारखं होणारच.
कुठेतरी! मी इंजिनिअर आहे. खांब कुठेतरी उभा करत नाहीत.

मंगळवार, ४
खोडरबर स्टाफरूममध्ये हजर. म्हणे, बाई, करता येतात का एवढंच विचारलंय, कुठे ते विचारलंच नाही. शांतपणे सांगितलं की स्वातंत्र्यालाही शिस्त लागते. डस्टर आपटलं, पण शांतपणे. शून्यामुळे गणित शिबिराच्या यादीतून तिचं नाव गेलं. नियम तो नियम. (केलेला मीच.)
शेजारच्या वर्गाचे सर चहा ढवळत म्हणाले, हे तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रमेय म्हणून असतं ना? असतं. म्हणूनच सातवीत चालणार नाही.

बुधवार, ५
जेवताना धाकट्या भावाला सांगितलं. म्हणे, ताई, तुझ्या मुक्त तासाला हजेरी सक्तीची आहे ना? त्याच्याशी बोलणं बंद.
संकल्प: संतापायचं नाही. मुलांनीच निवडावं, पुढच्या सत्रात माझा तास की सरांचा सराव तास. निकाल उघड आहे. शिपाईकाकांना जास्तीची बाकं आणायला सांगितली.

गुरुवार, ६
सगळे सरांकडे. मॉनिटरला कारण विचारलं. म्हणाला, सरांकडे गणित कसंही सोडवलं तरी चालतं.
बाकं आली.

शुक्रवार, ७
सकाळपासून तिची चूक शोधतेय. हौद कोपऱ्यात नेला, भिंतीला टेकवला, तिरका केला. चूक नाही. म्हणजे प्रश्नच टाइप करताना बिघडला. टाइप मीच केला होता, पण घाईत.
मॉनिटर म्हणतो, तिला आता शिबिरच नकोय. हट्टी कार्टी!
तिच्या वहीत लिहिलं: पूर्ण गुण. यादीत तुझं नाव पुन्हा घातलं आहे. यादी बुधवारी जाईल. येणार की नाही, ते मंगळवार, ११ तारखेपर्यंत कृपया कळव.