आठ टीबी येईपर्यंत

१२ जानेवारी २०२५, रविवार

सुधन्वा, मृणाल आणि नात रसिका गुडगावहून जेवायला आले. मृणालने वरण छान झालंय असं दोनदा सांगितलं. सून एकच गोष्ट दोनदा सांगते तेव्हा ती खरी नसते.

जेवणानंतर सुधन्वाने बाबांच्या हार्ड डिस्कचा विषय काढला. म्हणाला, आई, कॉपी काढून ठेवू या, एकच आहे, गेली तर गेली. गुणवंतला जाऊन दोन महिने झालेत आणि मुलगा जेवणाच्या टेबलावर ‘गेली तर गेली’ म्हणतो. आयटीवाल्यांना भाषा शिकवत नाहीत.

पण मुद्दा बरोबर आहे. गुणवंतने जन्मभर शूटिंग केलं, आधी हँडीकॅमवर, मग फोनवर, आणि रिटायर झाल्यावर सगळं त्या एका चार टीबीच्या डिस्कमध्ये भरलं. काठोकाठ. लक्ष्मीबाई नगरचं आमचं सरकारी क्वार्टर त्यात आहे, जे आता पाडून झालं. मुलाचं लहानपण आहे. गुणवंत स्वतः कुठेच दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्याच हातात. मागून अखंड कॉमेंटरी मात्र त्याची. त्याचे फोटो कपाटभर आहेत. आवाज फक्त त्या डिस्कमध्ये आहे.

ठराव: याच महिन्यात नवी डिस्क.

१९ जानेवारी, रविवार

सुधन्वाने पाच टीबीच्या डिस्कची लिंक पाठवली. खाली लिहिलं, घेऊन टाकतो, उद्या येईल. मी ताबडतोब थांबवलं. इथे दिल्लीत, मंत्रालयात, माझी निम्मी नोकरी खरेदी विभागात गेली. ‘घेऊन टाकतो’ ही काही पद्धत नव्हे.

चार भरली म्हणून पाच घ्यायची? ती नुसती मनाची समजूत. आपली गरज आठची आहे. एकच डिस्क, तळहातावर मावणारी, वेगळा प्लग न लागणारी. सुधन्वा म्हणतो, एवढ्या छोट्या साइजमध्ये आठ मिळत नाही, प्लगवाली घे. प्लगवाली चालणार नाही. गुणवंतच्या टेबलाजवळ एकच सॉकेट आहे आणि त्यावर त्याचा चार्जर आहे. तो काढायचा नाही.

मग म्हणाला, क्लाउडवर टाकू. आमच्या घरातलं सामान मी परक्याच्या ढगात ठेवणार नाही.

आठ येईल. दर वर्षी वाढतेच आहे. मी एकदा फोटोकॉपीअरची फाइल ‘याहून चांगले मॉडेल अपेक्षित आहे काय, तपासावे’ असा शेरा मारून तीनदा परत पाठवली होती. सेक्शनने दोन वर्षं कार्बन पेपरवर काढली, कोणी मेलं नाही, आणि शेवटी आलं ते मशीन फर्स्ट क्लास होतं. मला तेव्हा मागून काय काय म्हणायचे ते मला माहीत आहे. म्हणोत.

८ फेब्रुवारी, शनिवार

नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन आले. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं हवीत. पहिल्या दुकानदाराने लेटरहेडवर द्यायला नकार दिला. म्हणाला, मैडम, एक ही पीस लेना है ना? जणू एक पीस घेणाऱ्याला नियम नसतात. दुसऱ्याने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहिला. तिसऱ्याने चहा मागवला, त्यामुळे त्याच्याशी नीट बोलता आलं. छोट्या साइजमध्ये आठवाली कब आएगी, विचारलं. तो म्हणाला, माल तो आता ही रहता है, मैडम.

म्हणजे येणार आहे. बाजारातून दुजोरा मिळाला.

सुधन्वाला फोनवर सांगितलं. त्याने दुकानदाराचं वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, आई यार.

२५ मार्च, मंगळवार

सुधन्वा विचारतोय, घेतलीस का. मार्चमध्ये मी खरेदी करत नाही. मार्चमध्ये कोण खरेदी करतं ते मी आयुष्यभर पाहिलंय. बजेट संपवायला पंखे घेणारे लोक.

डिस्क कपाटात नीट आहे. गुणवंतच्या मफलरमध्ये गुंडाळून ठेवली आहे, धक्का लागू नये म्हणून. अजून लावून पाहिलेली नाही. सारखी लावली की झिजतात असं ऐकलंय. माझ्या बाजूने झीज होता कामा नये.

१८ मे, रविवार

बेचाळीस डिग्री. सुधन्वा एकटाच आला, घामाघूम, आणि आल्या आल्या तोच विषय. मी शांतपणे समजावलं की आठ घेतली की पुढची काळजी मिटते, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा भरली म्हणून रडायचं.

त्यावर तो पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, आई, बाबांचा डेटा आता वाढणार नाहीये.

मी उठून किचनमध्ये गेले. ओटा स्वच्छ होता तरी पुसला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या की समोरचा असभ्य झाला की आपण काम शोधावं. तो दारात येऊन सॉरी म्हणाला. मी म्हटलं, पन्हं घे.

२५ मे, रविवार

सुधन्वाचा फोन आला. मी बाथरूममध्ये आहे असं सांगायला घरात दुसरं कोणी नसल्यामुळे उचलावा लागला. हवापाण्याचं बोललो.

वाढणार नाही म्हणे. जागा काय फक्त वाढणाऱ्यालाच लागते?

१७ ऑगस्ट, रविवार

मी पोळ्या लाटत असताना सुधन्वाने मला न विचारता मफलर सोडून डिस्क आपल्या लॅपटॉपला लावली. फोल्डर उघडायला फार वेळ लागला आणि आतून टक टक आवाज आला. तो धावत किचनमध्ये आला. आई, हे चांगलं लक्षण नाही, आजच जाऊ, आत्ता, पाच तर पाच.

मी जाऊन ऐकलं. आवाज होता. पण नऊ महिने पडून असलेली कुठलीही वस्तू सुरू होताना आवाज करते. माझे गुडघे करतात. शिवाय ऑगस्टमध्ये दिल्लीत दमट हवा असते. डिस्क काढायला लावली, पुसली, पुन्हा मफलरमध्ये ठेवली.

त्याने विचारलं, तू एकदा तरी बघितलंस का, आत काय आहे? मी म्हटलं, मी तिथे होते, मला माहीत आहे काय आहे ते.

तरी त्याचं मन मोडायला नको म्हणून मुदत ठरवली. दिवाळीपर्यंत आठ आली नाही तर पाच घ्यायची. नक्की.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. आमच्याकडे यंदा सण नाही. सेलच्या जाहिराती मात्र आहेत. सेलमध्ये जुना माल खपवतात हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि जुना खपवतात तेव्हाच नवा येणार असतो. म्हणजे अगदी दारात आलेला माल सोडून मी कोपऱ्यातला उचलायचा?

मुदतवाढ: ३१ डिसेंबर. अंतिम.

६ डिसेंबर, शनिवार

वर्षश्राद्ध नीट पार पडलं. आता डोकं मोकळं आहे म्हणून स्वतःच नेहरू प्लेसला गेले, त्याच चहावाल्या दुकानदाराकडे. पाचवालीसुद्धा नाही म्हणाला. आलीच तर भाव कुठल्या कुठे. मैडम, एआई वाले सब उठा रहे हैं, आपको बोला था ले लो. तो असं काही बोलला नव्हता. माल आता ही रहता है, म्हणाला होता. मी त्याला त्याचे शब्द ऐकवले. तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. या वेळी चहा नाही.

म्हणजे कुठल्याशा यंत्राला जगातली सगळी माणसं पाठ करायची आहेत म्हणून माझ्या एका माणसाला जागा नाही.

असल्या भावाने मी घेणार नाही. चढलेला भाव उतरतो. उन्हाळ्यापर्यंत उतरेल, आणि तोवर आठही येईल. एका अर्थी बरंच झालं.

११ जानेवारी २०२६, रविवार

रसिकाच्या शाळेत पानिपतचं प्रोजेक्ट आहे. गुणवंत दर वर्षी चौदा जानेवारीला पानिपतला जायचा, युद्धाच्या स्मारकापाशी, आणि मलाही ओढून न्यायचा. जिथे हरलो तिथे दर वर्षी शूटिंग कसलं, असं मी विचारायचे आणि येताना चादरी घेऊन यायचे. रसिकाला ते व्हिडिओ क्लासमध्ये दाखवायचे होते. आजी, आजोबा बोलतायत ना त्याच्यात, टीचरला मराठी ऐकवते, म्हणाली.

नाही म्हणता येईना. मफलर सोडला. सुधन्वाने डिस्क लावली.

दिवा लागला. टक टक झालं. मग तेही थांबलं. स्क्रीनवर काही आलं नाही. सुधन्वाने वायर बदलली, मृणालचा लॅपटॉप आणला, पुन्हा लावली. रसिका दोघांच्या मधून डोकं घालून बघत होती. मग रसिका म्हणाली, पापा, आजोबा खुल नहीं रहे क्या?

मृणालने तिला बाहेर नेलं.

सुधन्वा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

१२ जानेवारी, सोमवार

थंडी. काल सकाळी चार डिग्री होतं. गाड्यासुद्धा चालू होत नाहीत. जरा ऊन येऊ दे.

दुपारी डिस्क मफलरसकट गॅलरीत उन्हात ठेवली. संध्याकाळी आत आणली. सुधन्वाला सांगितलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

डेटा रिकव्हरीवाल्याकडे. पांढरे हातमोजे घातलेला मुलगा म्हणाला, ट्राय करते हैं. मी विचारलं, पुढे याहून चांगलं तंत्र येणार असेल तर आत्ता उघडू नका, आम्ही थांबायला तयार आहोत. सुधन्वाने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, भैया, आप आज ही खोलो.

गाडीत मी त्याला म्हटलं, हे लोक तज्ज्ञ आहेत, सगळं मिळेल. तो हो म्हणाला. एवढ्या लवकर तो माझं कधीच ऐकत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

निकाल. लांब व्हिडिओ सगळे गेले. पानिपत, क्वार्टर, मुलाचं बारसं, सगळं. हातमोजेवाला म्हणाला, मोठ्या फाइली तुकड्यातुकड्यांनी ठेवलेल्या असतात, एक तुकडा गेला की सगळी जाते. छोट्या एका जागी असतात, त्या वाचतात. काही छोट्या वाचल्या आहेत. पेन ड्राइव्हवर देऊ का, म्हणाला. मी म्हटलं, पेन ड्राइव्ह नको, आमची स्वतःची डिस्क येते आहे.

त्याने एक लावून दाखवली. लक्ष्मीबाई नगरच्या किचनमध्ये मी, केस विस्कटलेले, हातात झारा. वळते आणि म्हणते, बंद कर रे ते. मागून गुणवंत म्हणतो, बरं. संपलं.

दुसरी. मी ट्रेनच्या खिडकीपाशी. बंद कर, लोक बघतायत. बरं.

तिसरी. मी ऑफिसला निघाले आहे, साडीला पिन लावते आहे. तोंडात पिन असल्यामुळे शब्द नीट कळत नाहीत, पण तेच आहेत. बरं.

मी विचारलं, या इतक्या छोट्या का आहेत. मुलगा म्हणाला, मैडम, सर ने उतनी ही बनाई होगी.

सगळ्या तशाच आहेत. मी सांगितलं की तो लगेच बंद करायचा. लगेच बंद केलं म्हणून त्या छोट्या राहिल्या, आणि छोट्या म्हणून वाचल्या. आता रेकॉर्डवर माझा आवाज भरपूर आहे. त्याचा एक शब्द आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

पाच टीबीची घेतली. मिळाली त्या भावाने, एकाच दुकानातून, कोटेशन न मागता. सुधन्वा बरोबर होता. बिल त्याने घडी घालून खिशात ठेवलं.

कॉपी करायला वेळ लागेल म्हणून मी सगळ्यांसाठी साबुदाणा भिजवून ठेवला होता. सुधन्वाने माझ्या नकळत आणून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरून चहा उकळायच्या आत कॉपी झाली. डिस्क जवळजवळ पूर्ण रिकामी आहे. सुधन्वाने विचारलं, वर नाव काय टाकू. मी म्हटलं, बाबा टाक. त्याने टाकलं.

रसिकाने ओळीने सगळ्या क्लिप्स बघितल्या. पहिल्या दोन-तीनला हसली. आजी, तू कित्ती चिडायचीस. मग हसायची थांबली. सगळ्या संपल्यावर म्हणाली, पण आजोबा तर बहुत बोलायचे ना?

मी म्हटलं, हो. खूप.

काय बोलायचे?

मी तोंड उघडलं. दर वेळी मी चादरींच्या दुकानात असायचे, नाहीतर गॅसपाशी, नाहीतर पिन लावत असायचे. काहीतरी सांगायचा, तारखा, झाडांची नावं, कुठल्या इमारतीत आधी काय होतं. पण त्याचं असं एकही वाक्य जिभेवर येईना.

रसिका वाट बघत होती. मृणालही, सुधन्वाही.

मी म्हटलं, उद्या सांगते.