मेणाच्या दाढा

३ जून, मंगळवार

सकाळपासून डोकं सणकलंय. कॉलेजचं पत्र आलं. दातांचं डॉक्टर व्हायचं, पाच वर्षं, लेकीला जागा मिळाली. कागद केवढा गुळगुळीत! फीचा आकडा वाचून ह्यांनी चष्मा पुसला आणि परत वाचला. आकडा तोच. अठरा तारखेपर्यंत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

सरकारी कॉलेज सात मार्कांनी हुकलं. सात!

४ जून, बुधवार

त्या कॉलेजचं कौतुक निदान मला कुणी सांगू नये. कवळ्या करणं हा माझा धंदा, बावीस वर्षांचा. आणि त्या कॉलेजची अर्धी मुलं माझ्याच लॅबच्या दारात उभी असतात — "काकू, मेणाच्या दाढा पाहिजेत, सोमवारी दाखवायच्यात." मेणाच्या ठोकळ्यातून हुबेहूब दाढ कोरायची, हा पहिल्या वर्षाचा अभ्यास. त्यांनी कोरायची! कोरते मी. नाव त्यांचं, मार्क त्यांना, फी त्यांच्या आईबापांची. म्हणजे ज्या शिकण्यापायी आम्ही रिकामे होणार, ते माझ्याच टेबलावरून जातं!

मी त्याचे पैसे घेते, हेही इथे लिहायला हवं. घेते. नाही म्हटलं तर पलीकडच्या लॅबमध्ये जातील, असं मनाशी म्हणते आणि घेते.

७ जून, शनिवार

त्यात नवीनच. लॅबच्या दोन्ही खोल्या मालकाने विकायला काढल्या. आधी मला विचारलं, एवढा चांगुलपणा. ठेव मोडली तर खोल्या होतात किंवा कॉलेज होतं. दोन्ही नाही. ह्यांना विचारलं, तर "तू म्हणशील तसं." लग्नापासून हेच वाक्य. नवरा आहे की रबरी शिक्का!

सासूबाई मात्र स्पष्ट — "हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नका."

लेकीला म्हटलं, माझ्याकडेच बस. तुझा हात माझ्याहून साफ आहे. (आहेच. चौदाव्या वर्षी तिने पहिली दाढ कोरली, तेव्हा मीच दोनदा उलटसुलट करून पाहिली होती.) तर म्हणते, "आई, तुझ्या कवळ्या ज्यांच्या तोंडात बसतात त्यातलं एक तरी माणूस तू पाहिलंयस?"

म्हटलं, साचा येतो ना माझ्याकडे.

"साच्यात माणूस नसतो."

झोंबलं. दवाखान्यात काम पोचवायला मी मागच्या दाराने जाते, ते हिने कधी बघितलं कोण जाणे.

१० जून, मंगळवार

धाकटे दीर येऊन गेले. "वहिनी, शिक्षण ही गुंतवणूक असते." तीन दुकानं बुडवलेला माणूस! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

१२ जून, गुरुवार

सासूबाईंची दाढ ठणकायला लागली. कॉलेजच्या दवाखान्यात मुलंच दाढा काढतात, स्वस्तात. म्हटलं, नेऊ या. तेवढंच कॉलेज आतून बघून होईल.

खुर्चीपाशी कोण? माझंच गिऱ्हाईक! शेवटच्या वर्षाची पोरगी. पहिल्या वर्षी माझ्याकडून सगळ्या दाढा नेल्या होत्या हिने. मला बघून पांढरीफटक पडली. मी मनात म्हटलं, संपलं. आता जबडा देवाच्या हवाली.

पण! ती आधी सासूबाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसली. आमच्या सासूबाई सुईचं नाव काढलं की खुर्ची सोडून पळणाऱ्या. "आजी, दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन." दोनदा हात वर झाला, दोनदा थांबली. मागे तिला शिकवणाऱ्या मॅडम उभ्या होत्या. त्यांनी फक्त एकदा तिचं कोपर जरा खाली दाबलं. दाढ निघाली आणि सासूबाई विचारतात, "काढायला कधी घेणार?"

हे मला येत नाही. त्या पोरीलाही आधी येत नसणार, तिथे कुणीतरी शिकवलं. कॉलेज अगदीच टाकाऊ निघालं असतं तर किती सोपं झालं असतं!

१४ जून, शनिवार

सगळ्यांवर ओरडले. दोन साचे फुटले.

१७ जून, मंगळवार

मालकाला सांगितलं, खोल्या नकोत. लेक येऊन गळ्यात पडली. म्हटलं बाजूला हो, प्लास्टर घट्ट होतंय. एकच अट घातली — एकही दाढ माझ्याकडून मिळणार नाही.

"तुझी कोण मागतंय?" म्हणाली. उद्धट कार्टी.

१८ जून, बुधवार

भरली. घरी येऊन रडले. आनंदाने नाही, रागाने.

२३ ऑगस्ट, शनिवार

कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे झाले. खोल्यांच्या नव्या मालकाने भाडं वाढवलंय. आणि दारात परत तेच — "काकू, दाढा." लेकीच्याच वर्गातली मुलं, अकरा जणं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि 'गुरुवारी न्या' म्हणाले.

लेकीने टेबलावर त्या रांगेने ठेवलेल्या पाहिल्या. स्वतःची दाढ घेऊन खिडकीपाशी बसली, चार दिवस कोरत होती.

२८ ऑगस्ट, गुरुवार

अकरा पास. लेक नापास!

सरांनी तिची दाढ वर्गात सगळ्यांसमोर उचलून धरली. "हा विद्यार्थ्याचा हातच नाही. आई कवळ्या करते ना तुझी?" समोर बसून करून दाखवते म्हणाली, तर म्हणे, तसं सगळेच म्हणतात.

संताप संताप झाला. पण जाऊन काय सांगू? हीच एक तिची आहे, बाकीच्या माझ्या? मग कॉलेजचं एक पोर दारात येणार नाही, ते चाललं असतं. पण ते सर शहरातल्या निम्म्या डॉक्टरांचे गुरू. ते डॉक्टर माझ्याकडे कामं पाठवणं बंद करतील. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लेकीला म्हटलं, सोड, एका दाढेचं एवढं काय. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून उगाच बर्नर पुसत बसले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी साडी बदलली आणि म्हटलं, चल, येते मी. सांगते सरांना.

लेक दप्तर भरत होती. वर न बघता म्हणाली, "मी कालच सांगून आले, आई. अकराही कुणी कोरल्या ते. तुझं नाव घेऊन."