समासातली नावं

अण्णा,

आज क्लासच्या जिन्यात एक मुलगी रबर घेऊन पुस्तक पुसत बसली होती. तिची परीक्षा संपली, आता पुस्तकं खालच्या बॅचमधल्या मुलीला द्यायची आहेत. असू दे गं, पेन्सिलच तर आहे, असं मी म्हणाले तर ती माझ्याकडे बघतच राहिली. लातुरात बायॉलॉजी शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण रबराचा भुसा दिसला की मी अजून तेरा वर्षांची होते. मुरुडच्या घरी दर एप्रिलात तुम्ही मला असंच बसवायचात. पुस्तक पुढच्या लेकराला कोरं गेलं पाहिजे, हा तुमचा कायदा. एक रेघ राहिली तरी सगळं पुस्तक पुन्हा चाळायला लावायचात.

भूकंपानंतर शिक्षक म्हणून तुमची ड्युटी औशाकडच्या एका गावात लागली. पत्र्याच्या शेडमध्ये बसून, भूकंपात गेलेल्या माणसांची नावं लिहायची. पावसानं रजिस्टरचा लगदा झाला, तेव्हा मदतीच्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून निघालेलं एक इंग्रजी कॉमिक तुम्ही पुढं ओढलंत आणि त्याच्या समासात पेन्सिलीनं नावं लिहिलीत. आफ्रिकेतल्या कुठल्याशा लहान देशातली लढाई होती ती. आपल्या शाळेच्या नकाशात तो देश मला कधीच सापडला नाही. भाडोत्री गोऱ्या शिपायांना त्यात नावं होती, त्यांच्या विमानालासुद्धा नाव होतं. गावातली काळी माणसं नुसती पळत होती, नाहीतर पडलेली होती.

तुम्ही तापानं फणफणत घरी आलात आणि झोपलात. मी पिशवीतून पुस्तक काढलं. मला वाटलं, त्या बिननावाच्या माणसांना तुम्ही गमतीनं आपल्याकडची नावं दिलीत. पडक्या भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीशेजारी तर अगदी आपल्या आज्यांसारखं नाव होतं, पुढं कंसात 'काकू'. मी हसले. मग नव्या पुस्तकाच्या हौसेनं रबर घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं साफ केलं. तुम्ही शिकवलं होतं तसंच.

तुम्ही उठलात, पुस्तक उघडलंत आणि कॉटवर बसलात. पान न् पान चाळलंत. मग विचारलंत, "ह्यातलं येखादं तरी नाव ध्यानात हाय का?"

"मी वाचलंच न्हाई, अण्णा."

तुम्ही हात उगारला नाहीत. दुसऱ्या दिवशी तशाच तापात परत गेलात. यादी स्वतःच्याच हातून हरवली, असं लोकांना सांगितलंत आणि शेडमागून शेड हिंडून ज्याची त्याची माणसं पुन्हा विचारलीत. तुमच्यासोबतच्या गुरुजींनी नंतर आईला सांगितलं, एक जण तुम्हाला म्हणाला होता, "गुरुजी, आमची माणसं किती येळा मारता?" तुम्ही खाली मान घालून लिहीत राहिलात.

सगळी नावं मिळाली, एक सोडून. ते गावातल्या एका म्हातारीचं होतं, तिला अख्खं गाव काकू म्हणायचं. तिचं खरं नाव फक्त शेजारणीला माहीत होतं, आणि ती शेजारीण नातेवाइकांकडे निघून गेली होती. तुम्ही तिच्यामागे नांदेडला गेलात, तिथून बिलोलीला. ती भेटली नाही. यादीत ती बाई काकूच राहिली. परत आल्यावर ते पुस्तक माझ्या हातात देऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "घे. कोरंच हाय आता."

अण्णा, ते नाव मला पाठ होतं. सांगितलं असतं तर मी वाचून पुसलं हे तुम्हाला कळलं असतं. त्या भीतीनं मी गप्प बसले. तुम्ही बिलोलीहून येऊन उंबऱ्याशी पाय चोळत बसला होतात, तेव्हाही. नंतर तुम्ही गेलात, आणि मग सांगायला कुणी राहिलं नाही. मला त्याची लाज वाटते.

आज क्लासवरून आल्यावर ते पुस्तक काढलं. समास पिवळे पडलेत. त्या पडक्या भिंतीशेजारी मी तिचं नाव लिहिलं, आणि हे पत्र त्याच पानात ठेवते आहे. तुमचा कायदा मोडला. पेनानं लिहिलंय.