गायता आज्याचं शिफारसपत्र

बाई,

तू जाऊन वर्ष होत आलं. तुले पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण आज माहं डोकं सणकलं आहे, अन् ते तुह्यावरच सणकलं आहे. मंग दुसऱ्या कोणाले लिहू? मोठी बहीण असून अशी वागली तू?

सकाळी मेसचा बंब पेटवाले शाळेच्या हापिसातून रद्दीचा गठ्ठा आला. पहिलाच कागद उचलला त त्याच्यावर तुहा फोटो! लग्नाले निघाल्यासारखी तेल लावून, वेणी घालून. खाली तुहा नौकरीचा फारम, अन् त्याले टोचलेलं गायता आज्याचं पत्र. माह्या हातचं. खाली आज्याचा निळा अंगठा.

आठवते का? या इंटरनॅशनल शाळेच्या जाहिरातीत लिहिलं होतं, सगळ्या धर्माच्या लोकाईचं स्वागत. अन् फारमात, धर्मगुरूचं पत्र जोडा. तू बी.एस्सी. बी.एड., राजुऱ्याले पोराईले विज्ञान शिकवणारी, अन् मले विचारलं, "आपला धर्मगुरू म्हणजे गायता आजाच ना रे?"

"नाई त कोण? गावची सारी पूजा त्याच्याच हातची."

आठवीतून पळालेल्या माणसाले विचारलं तुनं! अन् ऐकलं बी!

आजा मोहाच्या झाडाखाली बसून सांगे, मी लिहो. "लिही, हे पोरगी पेनदेवाले ठेवल्याबगर नवा आंबा खात नाई. लिही, लेकराईले मारत नाई. लिही, खोटं बोलत नाई." मंग मले म्हणे, "बाबू, हे शाळेतली नौकरी आहे का देवळातली?" तू किती हासली! मंग पत्राखाली सारं इंग्रजीत उतरवलं.

बल्लारशावरून गाडीत बसलो, मी बॅग धराले. दीड दिवसानं या दक्षिणेच्या डोंगरात पोचलो. तू कुडकुडत म्हणली, "आज्याच्या पत्रासंगं त्याची मोहाची बाटली बी आणाले पाह्यजे होती."

तू आत मुलाखतीले गेली. मी मेसच्या पायरीवर बसलो. आचारी बाहेर आला. "काम करेगा? बर्तनवाला भाग गया." झालं! नाव, गाव, बस. कोणता देव, हे कोणी विचारलं नाई. भांडे घासाले देव लागत नाई, बाई. शिकवाले लागते.

तू बाहेर आली. चेहरा कसा होता, मी पाह्यलंच नाई. मी माह्याच नौकरीच्या खुशीत. "काय म्हणले?"

"पत्र नाई चाललं. कोंबडीनं उकरल्यासारखं अक्षर तुहं. वाचताच आलं नाई म्हणे त्याईले. तू राह्य इथी. मी जातो."

अन् एकटी गेली.

चार वर्षं मी हे उरावर घेऊन फिरलो! माह्या अक्षरानं बहिणीची नौकरी गेली, अन् मी तिथीच बसून खाऊन राह्यलो! वरून तू फोनवर, "मंग सुधर ना. रोज एक पान लिही, फोटो पाठव." मी डेग घासून, हात पुसून लिहो. तू चुकीवर लाल गोल मारून वापस पाठवे. सिकलसेलनं तुले गडचिरोलीच्या दवाखान्यात टाकलं, तरी गोल आले. मंग एक दिवस आले नाई. मी बल्लारशाले उतरलो तवर तुह्यावर माती पडली होती.

अन् आज! फारमाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं इंग्रजी लिहिलेलं. गणिताच्या नागपूरवाल्या मॅडमकडून वाचून घेतलं. "शिकवणं उत्तम. आपल्या धर्माची नाही. सकाळची प्रार्थना घेणार नाही, हात जोडून उभी राहीन म्हणते. नको."

अक्षराचं नावच नाई! अन् इथी मराठी वाचणार होतं कोण? वाचाले तुहं इंग्रजी होतं ना! हे मले चार वर्षं सुचलं नाई, येवढा मी बैल!

पण तू काऊन अशी? हो म्हणाचं होतं ना! इथी एक सर आहेत, प्रार्थनेत सगळ्यात मोठ्यानं गातात अन् खोलीत कपाटाच्या आत हनुमान ठेवतात. काय बिघडलं त्याईचं? तुलेच सारं सरळ पाह्यजे! अन् येवढी सरळ बाई, माह्या तोंडावर खोटं बोलली. आज्याले खोटं पाडलं ना!

राग शाळेचा बी आहे. मॅडम म्हणतात, "त्यांचंही चूक नाही रे. इथे प्रार्थना शिक्षकच घेतो. मनात नसली तर पोरांना कळतं." असल! मंग पहिलेच लिहा ना! स्वागत काऊन लिहिता? माणूस दीड दिवस गाडीत बसून येते, म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन येते!

म्हणून मी अर्ज लिहिला आहे. दोन ओळी. "जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहा, आमच्याच धर्माचा शिक्षक पाहिजे. लोक लांबून येतात." खाली मॅडम इंग्रजीत उतरवून देणार, जसं तुनं आज्याचं उतरवलं होतं. आचारी म्हणते, "पागल है क्या? नौकरी जाएगी तेरी." जाईल त जाईल. खरं सांगतलं असतं त मी तवाच नौकरी सोडून तुह्यासंगं वापस आलो असतो; कुठीच सहा महिने न टिकणारा मी इथी टिकलो ते तुह्या लाल गोलापायी. आता गोल कोण मारते?

आज्याचं पत्र बंबात टाकलं नाई. गावाले आलो का मोहाखाली बसून त्याले वाचून दाखवीन. "खोटं बोलत नाई" इथी थांबून सांगीन, आज्या, एकदा बोलली, माह्यासंगं.

अर्ज उद्या दहाले माह्या हातानं हापिसात देतो. हे वचन. तो कशापायी बी वापस येवो, बाई, अक्षरापायी येणार नाई.

तुहा भाऊ,
दिवाकर