काकूंची काडतुसं

प्रिय ठकू,

पत्र पाहून दचकली असशील. एक दिवसाआड फोन करणारा बाप एकदम कागदावर का उतरला, असं वाटलं असेल. आधीच सांगतो, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. म्हणजे तुझी आई तर आहेच. माझं डोकं मात्र गेल्या शनिवारपासून ठिकाणावर नाही. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू ‘काय? काय?’ करत राहिली असतीस आणि मला पुढचं सांगताच आलं नसतं. म्हणून लिहितोय. बसून वाच. तुझ्या अवस्थेत उभ्याने वाचण्यासारखं हे नाही.

झालं असं की तुझी आई खाली भाजी आणायला गेली होती आणि तिचा फोन घरीच राहिला. वाजला म्हणून मी उचलला. पलीकडून एक भारदस्त आवाज म्हणाला, ‘काकूंना सांगा, शनिवारी काडतुसांची बैठक आहे. काकू नसतील तर काही खरं नाही.’ मी म्हटलं, राँग नंबर. तर तो म्हणतो, ‘तुम्ही काका ना? चष्म्याचं दुकान होतं ते? काकू नेहमी सांगतात तुमच्याबद्दल.’ ठकू, मी तिथेच चपलांच्या कपाटावर बसलो. काडतुसं! जी बाई फुगा फुटला तरी कानात बोटं घालते, जिने अख्खी नोकरी हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर ‘एक मिनिट हं, जोडून देते’ म्हणत काढली, तिच्यावाचून कुणाची तरी काडतुसं अडली होती. ती भाजी घेऊन आली. काय विचारणार? ‘अगं, बंदूकबिंदूक चालवतेस की काय?’ असं विचारायला तोंड उघडलं आणि जांभई दिली.

शनिवारी ती नेहमीसारखी ‘व्यायामाच्या वर्गाला’ निघाली. मंगळवार आणि शनिवार, गेली दोन वर्षं. मी चोरासारखा मागोमाग. तीच बस, ती पुढे, मी मागच्या बाकावर एका जाड्या माणसाच्या आडोशाला. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे ना, जिथे आता काम बंद आहे, तिथे ती उतरली. आत गेलो तर पत्र्याची लांबलचक शेड, समोर मातीचा उंच बांध, बांधाच्या पायथ्याशी कागदी निशाणांची रांग. आणि शेडमध्ये चटईवर पालथी पडलेली तुझी आई. कानांवर मोठी झाकणं, खांद्याला रायफल, एक डोळा मिटलेला. मी हाक मारणार तोच ‘फट्’ असा आवाज झाला. फार मोठा नाही, जाड पुस्तक पडावं तेवढाच. तिने शांतपणे उडालेल्या काडतुसाचं रिकामं टोपण बाहेर काढलं, दुसरं काडतूस भरलं, आणि पुन्हा. तेव्हा मला आठवलं, मागच्या वर्षी तिने माझ्याकडून एक विचित्र चष्मा करून घेतला होता. उजव्या डोळ्याला हातभर अंतरावरचंच स्वच्छ दिसेल असा. शिलाई मशीनसाठी म्हणाली होती. तो चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक खुंट, नीट दिसावा म्हणून! सगळ्या गावाचे डोळे मी तपासले, आणि स्वतःच्या घरात ही गत.

घाबरू नकोस, घरात बंदूक नाही. सगळं क्लबच्या कपाटात कुलूपबंद असतं. काडतुसं मोजून देतात, रिकामी टोपणं मोजून परत घेतात, उरलेलं एकही बाहेर जात नाही. हे मला ‘मेजर’नी समजावलं. फोनवरचा भारदस्त आवाज तोच. सैन्यात कधी नव्हता, पोस्टातून निवृत्त झालाय, पण मिशांमुळे सगळे मेजर म्हणतात. मला पाहून त्याला जराही नवल वाटलं नाही. ‘या काका, खुर्ची घ्या,’ म्हणाला, आणि बैठक सुरू झाली. आईने मला पाहिलं. मग तिने मान वळवली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

भानगड अशी होती. दुकानात काडतुसं इतकी महाग मिळतात की पेन्शनवाल्याने महिन्यातून एकदा नेम धरावा आणि उरलेला महिना आठवण काढावी. म्हणून हा क्लब वर्षातून एकदा थेट कारखान्यातून मोठे पेटारे मागवतो आणि सभासदांना पडत्या भावात देतो. त्यावरच तिथली शिंपीण, बसड्रायव्हर, दाताचे डॉक्टर, तुझी आई, सगळी हौशी मंडळी टिकून आहेत. पण यंदा कारखान्याने कळवलं की मागणी निम्म्यावर आली तर हा भाव मिळणार नाही. मेजर म्हणाला, ‘तेव्हा पुढचं संपूर्ण वर्ष मी इथे येणार, असं जे छातीठोक सांगतील त्यांनीच हात वर करा. मागाहून गळती नको.’ सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाची बदली. एकही हात वर जाईना. ठकू, मी मनात म्हटलं, आपल्याला काय, आपण तर घर विकून पुढच्या महिन्यात कायमचे लेकीकडे.

आणि तुझी आई उभी राहिली. हात नुसता वर नाही केला, उभी राहिली. म्हणाली, ‘मी येणार. पूर्ण वर्ष. पहिलं नाव माझं.’ मग मागे वळून त्या तीसेक माणसांना टेलिफोन बोर्डावरच्या आवाजात म्हणाली, ‘आणि तुम्ही काय मुहूर्त बघताय? स्वस्त हवंय सगळ्यांना, शब्द द्यायला मात्र कुणी नको.’ शिंपीण हसली आणि तिने हात वर केला. मग ड्रायव्हरने, मग डॉक्टरांनी. बघता बघता हातांचं रान झालं. टाळ्या पडल्या. मी एकटाच हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. पूर्ण वर्ष? घराचं गिऱ्हाईक ठरलं होतं. तू आमच्या खोलीला रंग देऊन ठेवला होतास. आणि माझी बायको, माझ्यासमोर, परक्या लोकांना सांगत होती की ती कुठेही जाणार नाही.

परतीच्या बसमध्ये मी फार वाईट बोललो. म्हटलं, ‘या वयात हे खूळ? लेकीपेक्षा काडतुसं जवळची?’ ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘तुम्ही तिला हो म्हणालात तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दार उघडं होतं. मला हाक मारायला काही पैसे पडत नव्हते.’ मग आपणहून बोलली. चाळीस वर्षं ती लोकांचे फोन एकमेकांना जोडून देत होती; बोलणं नेहमी दुसऱ्यांचं. निवृत्त झाली तेव्हा वाटलं, आता लेकीचं बाळ, मग त्याची शाळा, मग आपलं दुखणं. ‘तिथे चटईवर पडलं ना, की मला कुणाचं काही जोडून द्यायचं नसतं. मी आणि निशाणावरचा तो काळा गोल. तेवढंच माझं.’ तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. मी तिला ओळखतो असं मला वाटत होतं, ठकू. बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसली होती, आणि ती कोण हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

घरी येऊन मी गिऱ्हाईकाला कळवलं, घर विकायचं नाही. तो चिडला, त्याचं बरोबरच आहे. आणि आता तू रडशील, हे मला दिसतंय. तुझी नोकरी, येऊ घातलेलं बाळ, सांभाळायला माणूस नाही. आमच्या भरवशावर तू सगळं आखलं होतंस. हेच मी तुझ्या आईला चार दिवस सांगत होतो. शेवटी काल तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘तिला बाळ सांभाळायला माणूस हवंय ना? मग तुम्ही माणूस नाही का?’ आज सकाळी उठून मी कागद घेतला. तेव्हा हे पत्र त्यासाठी आहे. आई येत नाही. मी येतोय. एकटा, पहिले सहा महिने. दुपटी बदलायला येत नाहीत, शिकेन. तू लहान असताना कधी बदलली नाहीत, याचं तुझ्या आईला अजून नवल वाटतं. तिला समजवायला फोन करू नकोस. तिने निरोप दिलाय तो शब्दशः लिहितो: ‘बोलावलंस तर धावत येईन, नेलंस तर येणार नाही.’ तू तिला बोलाव. बाळाला बघायला, चार दिवस, मंगळवार-शनिवार सोडून. आणि मला घ्यायला स्टेशनवर जावयांना पाठव; सामान फार नाही, पण पहिल्यांदाच एकटा प्रवास करतोय आणि मला खरंच भीती वाटते आहे.

तुझाच, अजून पुरता न सावरलेला,
बाबा