आधी उदाहरण वाच

टीचर, तुम्हांला जाऊन बारा वर्षं झाली. प्रोग्रामसाठी नवं फंक्शन शोधताना मी अजून आधी त्याचं उदाहरण वाचते, बाकीचं पान मागाहून.

साखळी गावच्या बाजारात, वरच्या मजल्यावर तुमचा कॉम्प्युटर क्लास. परीक्षेचा प्रोग्राम मी इंटरनेटवरून उतरवला होता. पडद्यावर बोट ठेवून तुम्ही विचारलंत, "कंसातला हा तिसरा शब्द कशाला?" मी अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं. "म्हणजे हा तुझा नव्हे," एवढंच म्हणालात, पण सगळ्यांसमोर. मी पिशवी उचलली आणि घरची, नार्व्याची बस पकडली. दोन दिवस फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमची स्कूटर आमच्या दारात! आई गडबडली. "बसात टीचर, वायच चा घेया," म्हणत तिनं पाव भाजणाऱ्या पोदेरानं नुकतेच दिलेले गरम उंडे पुढं केले. तुम्ही स्वयंपाकघरातच पाटावर बसता, उंडा चहात बुडवता आणि दोऱ्यानं शिवलेली पानं माझ्या हातात देता. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या डॉक्युमेंटेशनची, म्हणजे माहितीपुस्तकाची, खास माझ्यासाठी छापून आणलेली. "एवढं इंग्लिश मला कळत नाही," मी पुटपुटते. तुम्ही हसता. "सगळं कोण वाचतंय? फंक्शनचं नाव ठाऊक नसलं तर आधी ठरव, तुझ्याकडं काय आहे आणि फंक्शनकडून परत काय हवंय. मग यादीत तसलं शोध. उदाहरण वाच, चालव, मग मुद्दाम मोडून बघ. तू आळशी नाहीस गो, घाई करतेस."

पुढं मुरगावला, बंदराजवळच्या एका लहान कचेरीत नोकरी लागली. ट्रकांची पाळी लावणारा प्रोग्राम मी लिहिला, आणि पहिल्याच सकाळी एकच्या मागून दहा, अकरा, बारा. दोन नंबरचा ट्रक पार खाली. गेटवर ड्रायव्हर हमरीतुमरीवर आले. साहेब म्हणाले, "जेवणापर्यंत बघतो, नाहीतर तू घरी." मी क्रम लावणाऱ्या फंक्शनचं पान उघडलं. उदाहरण चालवलं, मग त्यात माझे नंबर घालून मोडलं. तेव्हा दिसलं की माझे नंबर मजकूर म्हणून साठवलेले, म्हणून ते अक्षर-अक्षर ताडून लागत होते. तुलनेआधी त्यांचे आकडे करून घे, हे सांगायची जागा त्या फंक्शनच्या कंसातच होती. त्या पानावर तसं लिहिलेलंही होतं. एका ओळीचं काम. दोन नंबरचा ट्रक आत गेला तेव्हा मी खिडकीत उभी राहून एकटीच हसत होते. तुम्हांला फोन करावासा वाटला, पण आदल्या गणेश चवथीतच तुम्ही गेला होतात.

आता माझं बरं चाललंय. त्याच कचेरीत नव्या पोरींना मी शिकवते. पोरी फंक्शनचं नाव विचारतात, मी पान दाखवते, त्या वैतागतात. मला मजा वाटते.

एक मात्र कबूल करायचं राहिलं. त्या दिवशी ट्रक आत गेल्यावर साहेबांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "माझी मीच शिकले, वाचून." हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला.