आतून रंगवायची गाडी

४ मे

पार्सल आलं. रिमोटवर पळणाऱ्या गाडीच्या दोन बॉड्या. काचेसारख्या आरपार, नखाएवढ्या जाड. एक एअरब्रश, छोटा कॉम्प्रेसर, सहा बाटल्या रंग. विनीतने बोटीवर चढण्याआधी ऑर्डर करून ठेवलं होतं. फोनवर म्हणाला, "ताई, एक बिघडव, एक रंगव. जूनमध्ये मी आलो की भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत पळवू. तुझाही वेळ जाईल."

वेळ जाईल!

६ मे

सोलापूरच्या कॉलेजचं पत्र. सोळा जूनला रुजू व्हा. मराठी शिकवायचं. कायम जागा. छत्तिसाव्या वर्षी.

बाबांना वाचून दाखवलं. "छान," म्हणाले आणि तोंड उघडलं. मी पुढचा घास दिला.

त्यांना झटका येऊन पंधरा महिने झाले. उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन पडवीपर्यंत येतात. डावा हात थरथरतो म्हणतात, चमचा पडतो. म्हणून तिन्ही वेळा मी.

७ मे

शेजारच्या गोदूबाईंना विचारलं. "रांधीन, धुवीन, रात्री सोबतीला आमची हौसा येऊन झोपेल. पण पुरुषमाणसाला घास भरवणं मला जमायचं नाय गो. उद्या सगळ्या मांडवीभर बभ्रा होईल."

विनीतही तेच म्हणाला. "बाबा आपल्या हाताने जेवत असते तर प्रश्नच नव्हता."

म्हणजे सगळं एका चमच्यावर अडलंय.

१० मे

वर्तमानपत्रावर सराव. खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. जवळ धरला की रंगाला कोळ्यासारखे पाय फुटतात. लांब धरला की नुसती धूळ. एक सरळ रेघ येत नाही!

बाबा खुर्चीतून बघत होते. चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या रंगवल्या त्यांनी. रेघ मारली की मारली. सुतळी नाही, पट्टी नाही.

"पिचकारी कसली घेऊन बसलीस? शिमगा झाला की!"

१४ मे

बॉडी साबणाने धुतली. खिडक्यांवर आतून चिकटपट्टी लावली. रंग आतून मारायचा, हे मला ठाऊक होतं. लाल भरला ब्रशच्या कपात.

"पांढरा मार आधी."

"बाबा, हे वेगळं आहे."

"लाकूड असो, पत्रा असो. पहिला हात पांढरा. त्याशिवाय लाल उठत नाय. मला शिकवू नकोस."

मी लाल ओतून टाकला. पांढरा भरला.

१५ मे

वाळल्यावर उलटी केली. बाहेरून पांढरी. नुसती पांढरी. आतून आता कितीही लाल मारा, बाहेर दिसणार नाही. जे आधी मारलं तेच दिसतं. पुसायला जावं तर प्लास्टिकच धुरकट होतं.

बाबांना दाखवली. "रंगच हलका," म्हणाले.

मला ठाऊक होतं. तरी मारला. रंगाबद्दल नाही लिहीत मी हे.

१६ मे

काही नाही. तांदूळ निवडले.

२७ मे

विनीतचा फोन. कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, ऑक्टोबरपर्यंत. "नाही कसं म्हणणार, ताई? आणि तू आहेसच ना."

आहेच.

बाबांनी विचारलं नाही कोणाचा फोन. रात्री दोन घास जास्त जेवले.

३१ मे

दुसरी बॉडी काढली. हिच्यावरही बाहेरून पातळ फिल्म चिकटवलेली आहे. रंग उडू नये, ओरखडा येऊ नये म्हणून. अगदी शेवटी सोलायची.

आधी काळे पट्टे. बाबा म्हणाले, "पांढरा?" मी म्हणाले, "शेवटी." त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. एका हाताने. बराच आवाज करत.

३ जून

हवा दमट. ब्रशमधून रंगाबरोबर पाणी थुंकतं. लालचा एक पातळ हात, मग केस वाळवायचं मशीन, मग दुसरा. चार झाले. रेघ अजून वाकडीच, पण माझी.

कॉलेजला अजून नाही म्हणून कळवलेलं नाही. हो म्हणूनही नाही.

७ जून

सगळ्यांत मागे पांढरा मारला. झालं. पालथ्या टोपावर वाळत ठेवली. फिल्म दोन दिवसांनी सोलीन.

पत्र लिहायला घेतलं. "घरगुती अडचणीमुळे." तिथेच थांबले.

९ जून

बाबांची औषधं आणायला गेले होते. तासभर गेला. परत आले तर पडवीत गाडी पांढरी!

त्यांचा जुना पत्र्याचा डबा उघडा. चपटा ब्रश. माझी पांढऱ्याची बाटली. बाबा खुर्चीत, शांत.

"पहिला हात राहिला होता," म्हणाले.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. गोदूबाई कुंपणाशी आल्या. "काय झालं गो?" काही नाही म्हटलं.

मग आठवलं— फिल्म! कडेला नख घातलं. एका झटक्यात सगळा पांढरा सोलून हातात आला. खाली लाल. चकचकीत. माझे वाकडे पट्टे जसेच्या तसे.

बाबा बघत राहिले. "अरे," एवढंच.

फिल्म टाकायला निघाले आणि दारात थांबले. उजेडासमोर धरली. सहा खिडक्या, सहाही कोऱ्या. प्रत्येकीच्या कडेने पांढरा थांबलाय. दोऱ्यासारखी रेघ. कोपऱ्यात गोलाई. कुठे ओघळ नाही. खालच्या कागदावर एक थेंब नाही. ब्रश धुऊन, पुसून, जागेवर ठेवलेला.

डाव्या हाताने.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात पंचाखाली घेतला.

जेवायला वाढलं. तोंड उघडलं त्यांनी. मी भरवलं. त्यांना मला दाखवायचं होतं, की रंग समोर दिसल्यावर थरथरणं विसरले? सगळं भरवलं. शेवटच्या घासापर्यंत.

१० जून

ताट समोर ठेवलं. चमचा डावीकडे.

"हात थरथरतो गो, मृणे."

"मी बॅग भरतेय, बाबा. आमटी निवेल."

आतल्या खोलीत आले. साड्या घडी घालून बॅगेत ठेवल्या. मग चमचा ताटाला लागला.